फेराला नाही म्हणायचं नसतं

पुराने गावातल्या निम्म्या घरांची जमीन नेली. भिंती राहिल्या, छपरं राहिली, पण पायाखालचं गेलं. पाणी ओसरल्यावर खणखणीच्या घरात गुडघाभर खड्डा होता आणि त्यात कुणाची तरी चप्पल तरंगत होती. तिने ती उचलून रस्त्यावर भिरकावली. त्या दिवशी तिच्या कपाळावर जी आठी पडली ती पुढे काही गेली नाही.

खणखणी हे तिचं नाव नव्हे. खरं नाव सासरी कुणी फारसं विचारलंच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरात तिने हाळी दिली आणि पलीकडच्या रानातल्या माणसांनी माना वर केल्या, तेव्हापासून ती खणखणी. नवरा गाडीवान, तोंडाने गरीब. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरात सून, दिवस भरत आलेली. जमीन नाही म्हणून ती पोरगी अंगणात गाडीवर ताडपत्रीखाली झोपत होती, आणि सकाळी उठली की तिचे पाय सुजून टम्म झालेले असत. खणखणी ते पाय रोज बघायची आणि काही बोलायची नाही. बोलून सूज उतरते थोडीच.

एकच गोष्ट करण्यासारखी होती आणि ती दोघं नवरा-बायको करत होती. नदीकाठची पिवळी चिकणमाती गाडीत भरून आणायची. पुरात बैल सोडवताना गाडीवानाचा खांदा निखळला होता, तो बसवून घेतला पण हात अजून कानाच्या वर जात नव्हता. म्हणून फावडं खणखणीने धरलं आणि त्याने बैल हाकले. माती चाळली, त्यात भुसा घातला, राख घातली, पाणी घालून रात्रभर मुरवली, खोलीत पसरली. वर ओली गोणपाटं टाकली. शेवटची गाडी भरायला गेली तेव्हा काठावर पिवळी माती उरली नव्हती. गिरणीवाल्याचे ट्रॅक्टर आठवडाभर तिथे राबत होते. त्यांनी काठ खरवडून नेला होता, खाली नुसती रेती दिसत होती.

"आपल्यापुरती मिळाली ना," गाडीवान म्हणाला.

"मिळाली नाही. ओरबाडली," ती म्हणाली.

आता फेर तेवढा राहिला होता, आणि तो उद्या ठरला होता.

परक्या माणसाला विचारा, तो सांगेल की फेर म्हणजे नाच. हातात हात गुंफून गोल धरायचा, एकीने हाळी द्यायची, बाकीच्यांनी उचलायची, ढोल वाजवायचा, नवे कपडे घालायचे. ते काही खोटं नाही. पण या गावात कुणी 'फेर आहे' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणाकडे? कारण फेर धरायचा तो ओल्या मातीत. नाचणाऱ्यांची पावलं माती दाबतात, तिच्यातली हवा काढतात, आणि जमीन अशी बसते की वर उखळ ठेवून कांडलं तरी खळगा पडत नाही. एकट्यादुकट्याने धुम्मस घेऊन महिनाभर चोपलं तरी ते होत नाही. म्हणून त्याला मजुरी नाही आणि आमंत्रणही नाही. आज तुझ्याकडे माझे पाय, उद्या माझ्याकडे तुझे. लग्नाला नाही गेलात तर चालतं, मयताला उशीर झाला तरी लोक समजून घेतात, पण फेराला नाही म्हणायचं नसतं. ज्याचं घर त्याने अनवाणी आधी उतरायचं. आणि हाळी देणारी 'सोड' म्हणेपर्यंत हातातला हात सोडायचा नाही. ज्याचा हात सुटला त्याच्या पायाखालची जमीन फुटते, असं लहान पोरसुद्धा सांगेल.

खणखणी गोणपाटांवर पाणी शिंपडत होती तेवढ्यात मोटारसायकल दारात येऊन थांबली. गिरणीवाल्याचा मुकादम होता. गाडी त्याने बंद केली नाही.

"काकू, उद्या फेर आहे."

"माहीत आहे. माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे नाही. मालकांच्या नव्या गोदामात. सकाळी. जेवण आहे, बाजा आहे, बाहेरून पाहुणे येणारेत. हाळी तुम्हीच द्यायची, मालकांनी मुद्दाम नाव घेतलं."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गोदामाला फेर?"

"का? तिथे जमीन नाही?"

"जमीन आहे. राहणारं कोण आहे तिथे? पोती?"

मुकादम हसला. त्याचे पुढचे दोन दात सोन्याचे होते आणि ते दाखवायला तो उठसूट हसत असे. "काकू, ते गावाचं काम आहे. तुमचं घरचं. घरचं मागेपुढे होतं."

"माझी माती उद्या वाफशावर येते. परवा ती दगड होईल."

"मग पाणी मारा."

"पाणी मारून होत असतं तर फेर कशाला लागला असता? आत भुसा आहे. तो कुजला की माती धरत नाही."

"ते मला काय कळतं," मुकादम म्हणाला. "मला एवढं कळतं, की फेराला नाही म्हणायचं नसतं. नियम तुमचाच आहे, आम्ही कुठे केला?" आणि धूर सोडून तो निघून गेला.

ती तशीच उभी राहिली. शिंपडायचं भांडं हातात होतं, त्यातलं पाणी तिच्याच पायावर सांडत होतं. तिला राग आला होता. इतक्या वर्षांत गिरणीवाल्याने कुणाच्या घरी फेराला पाऊल टाकलं नव्हतं. पूर आला तेव्हा त्याची गिरणी टेकडीवर कोरडी होती. आणि आता गावाचाच शब्द घेऊन तो गावाच्याच मानेवर ठेवत होता. मजूर लावले असते तर दिवसाला मजुरी द्यावी लागली असती. फेर म्हटला की सगळं फुकट, वर लोक नवे कपडे घालून येणार.

ती घरोघरी गेली. न्हाव्याच्या दारात न्हाव्याने वस्तरा पुसता पुसता मान हलवली, "खरं आहे वहिनी, खरं आहे," आणि गिऱ्हाइकाची हनुवटी दुसरीकडे वळवली. दुकानदारीण म्हणाली, तिकडचं दुपारपर्यंत उरकेल, मग सगळेच तुझ्याकडे येऊ की. ते गोदाम शेताएवढं आहे हे खणखणीला माहीत होतं. तिकडून पाय ओढत येणारी माणसं संध्याकाळी काय फेर धरणार? दोन घरं सोडून एका म्हाताऱ्याने तर तिला बघून आतली कडीच घातली. कडीचा आवाज तिने ऐकला, आणि आपण ऐकल्याचं त्यालाही कळलं.

शेवटी ती सुतारणीकडे गेली. सुतारीण तिची जिवाभावाची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, बाळंतपणंही मागेपुढे झालेली. सुतारणीच्या घराची जमीन पुरानंतर सर्वांत आधी झाली होती आणि तिथे खणखणीने पायाला फोड येईपर्यंत हाळी दिली होती. सुतारीण अंगणात रंध्याचा भुसा गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

"तूही?" खणखणीने विचारलं.

"गोदामाची दारं आमच्याकडे आहेत गं. खिडक्या आहेत. पुरात अवजारं गेली, सगळं उसनवारीवर चाललंय. हे काम गेलं तर आम्ही खायचं काय?"

"मी तुला न्यायला आले नाही. मी फक्त विचारलं."

"परवा येते. अगदी पहाटे येते, दोघंही येतो."

"माझ्या सुनेचे पाय बघून ये एकदा. आणि मग परवा म्हण."

सुतारणीने भुशाची पाटी उचलली आणि आत गेली. खणखणी रस्त्याला लागली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रडण्याचं नव्हतं. मिरची चिरडल्यासारखे डोळे झोंबत होते.

तेवढ्या भरात ती गिरणीवर गेली. गिरणीवाला स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. तो कुणावर आवाज चढवत नसे. तो चढवायला त्याच्याकडे पगारी माणूस होता.

"या काकू. चहा?"

"नको. उद्याचा फेर पुढे ढकला. एक दिवस."

"पाहुणे येणारेत. छायाचित्रं काढणारा येणार आहे."

"मग मजुरी द्या. मजुरी म्हणा, मी सगळ्यांत आधी येते. फेर म्हणू नका."

गिरणीवाल्याला खरंच नवल वाटलं. "फेर म्हणजे आनंद, काकू. आनंदाची कुणी मजुरी घेतं का? आपल्या गावची केवढी सुंदर पद्धत आहे ती. पाहुण्यांना मी तीच दाखवणार आहे."

"पद्धत माहीत आहे ना? मग माझ्याकडे पाय द्यायला या."

"माणूस पाठवतो. दोन पाठवतो."

"माणूस चालत नाही. ज्याच्याकडे पाय दिले त्याचेच पाय लागतात."

तो हसला. आपल्या बुटांकडे बघून हसला. "काकू, तुम्ही ना, एकदम जुन्या आहात," तो म्हणाला, आणि आतून कुणीतरी हाक मारली म्हणून उठला.

सकाळी ऊन कडक पडलं. गोणपाटं काढली तेव्हा माती बरोबर वाफशावर होती, बोट दाबलं तर ठसा उमटत होता आणि बोटाला काही लागत नव्हतं. गाडीवान आणि ती, दोघं उतरले. दोघांचा काही फेर होत नाही. एकमेकांचे हात धरून ते आडवे-तिडवे तुडवत राहिले. त्याचा खांदा प्रत्येक पावलाला ठणकत होता, तो दात आवळून चालत होता. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईपर्यंत मागची माती फुगून वर येत होती. दारातून ऊन आत येत होतं आणि उंबऱ्याजवळची कड पांढरट पडू लागली होती.

"आत्याबाई, मी उतरते," सून गाडीवरून म्हणाली.

"तू जागची हललीस तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही."

टेकडीकडून ढोल ऐकू येत होता. मध्येच बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. हाळी कुणीतरी उचलत होतं आणि ती तिथेच गळून पडत होती. खणखणीच्या कानाला ते कळत होतं, आणि आपलं हाड मोडलेलं असताना शेजाऱ्याचं गुडघादुखीचं रडगाणं ऐकावं तसा तिला संताप येत होता.

मग मोटारसायकल आली. मुकादमाच्या पायांना चिखल होता, दात आज दिसत नव्हते.

"काकू, चला. ताल लागत नाही कुणाला. गुरं शिरल्यासारखी माणसं फिरताहेत. पाहुणे हसताहेत." आणि मग हळू आवाजात, "फेर आहे काकू. तुम्ही नाही म्हणू शकत नाही."

खणखणीने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून खांदा दाबत होता. तिने पायाची माती उंबऱ्यावर खरवडली.

"जातेस?" गाडीवानाने विचारलं. त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं.

"नियम आहे," ती म्हणाली. "तुम्ही कड ओली ठेवा."

मोटारसायकलवर ती बसली नाही. चालत गेली, मुकादम मागून फटफट करत आला. गोदामाचं दार दोन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढं होतं आणि फळ्या अजून बसवायच्या होत्या म्हणून सताड उघडं होतं. आत सगळं गाव. नव्या कपड्यांवर गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरे उतरलेले. तिला बघताच गलका थांबला. पायाखाली तीच नदीकाठची पिवळी माती होती, धड चाळलेलीही नाही, खडे तसेच. न्हाव्याच्या टाचेतून रक्त येत होतं. सुतारीण खाली मान घालून उभी होती. पलीकडे सतरंजीवर पाहुणे, आणि मध्ये खुर्चीवर पायात बूट घालून गिरणीवाला.

ते बूट बघून तिचं डोकं पार फिरलं. आणि त्याच वेळी तिला ते उघडं दार दिसलं, त्यापुढे उतरणारा रस्ता दिसला, आणि काय करायचं ते एकदम कळलं.

"मालक," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ज्याचं घर त्याचे पाय आधी. तुम्ही उतरल्याशिवाय ताल लागायचा नाही. लागत नाहीये ना?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. छायाचित्रवाला पुढे सरसावला. गिरणीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, हसला, बूट काढले, मोजे काढून बुटांत ठेवले. त्याचे पाय पांढरे आणि मऊ होते, वर्षानुवर्षं ऊन न लागलेले. तो चिखलात उतरला तेव्हा तोंड वाकडं झालं, पण त्याने ते सावरून घेतलं. खणखणीने त्याचा हात आपल्या हातात गुंफून घेतला. त्याच्या पलीकडे सुतारीण होती. तिने चाचरत दुसरा धरला.

खणखणीने हाळी दिली.

"आले गं आले, मी दारी आले, तुझ्या मातीला पावलं दिली..."

"दिली गं दिली, पावलं दिली," गावाने उचललं. आता ताल लागला. ढोलवाल्याच्या चेहऱ्यावर जीव आला. एक गोल झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्या गोलाला दारासमोर येताच तिने, हाळी देणारीचा एक हात मोकळा असतो तो, वर केला, गोल उघडला आणि सरळ बाहेर पडली.

फेर तिच्या मागे आला. यायलाच हवा होता. हाळी देणारी जाईल तिकडे पावलं जातात आणि ती 'सोड' म्हणत नाही तोवर हात सुटत नाही. हे त्या माणसांच्या अंगात जन्मापासून मुरलेलं होतं. निम्म्यांना तर आपण उन्हात आलो हेही उतार लागल्यावर कळलं. ढोलवाला वाजवत धावत आला.

"काकू, कुठे?" गिरणीवाल्याने कानाशी विचारलं. ती गात राहिली. रस्त्यावर खडी होती. त्याचा एकेक पाय पडत होता तसा तो लचकत होता. "काकू, पुरे. छायाचित्रं झाली. सोडा." ती आणखी वरच्या पट्टीत गेली. बोटं तिने अशी आवळली होती की तिचीच नखं पांढरी पडली होती. सुनेचे सुजलेले पाय, नवऱ्याचा खांदा, म्हाताऱ्याची कडी, सगळं त्या मुठीत होतं.

पाण्याच्या टाकीजवळ गिरणीवाल्याने हिसका मारला. एक हात सोडवला, मग दुसरा. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा गेलं होतं. "तमाशा लावलाय," तो म्हणाला आणि खडीवरून पाय उचलत बाजूच्या ओट्यावर जाऊन बसला. तळपाय वर करून तो बघू लागला.

फेर थांबला. ढोल थांबला. "हात सोडला मालकांनी," मागे कुणीतरी म्हणालं, रागाने नव्हे, नुसतं झालं ते सांगावं तसं.

खणखणी पुढे उभी होती, तिचा हात रिकामा. चार पावलं मागे सुतारीण, तिचाही एक हात रिकामा. मुकादम मोटारसायकल घेऊन मध्ये येऊन थांबला.

"सगळे मागे फिरा. जेवण तयार आहे." आणि सुतारणीकडे बघून, "वहिनी, दारं अजून बसवायची आहेत. विचार करा."

सुतारणीने विचार केला. तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. तिचा नवरा मागे रांगेतच होता, तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. सुताराने पलीकडच्याचा हात सोडला नव्हता. खणखणीने तिला हाक मारली नाही. काल एकदा विचारून झालं होतं, पुन्हा विचारायची तिची तयारी नव्हती. हात मात्र तिने मागे धरून ठेवला होता.

सुतारीण मोटारसायकलला वळसा घालून पुढे आली आणि तिने तो हात धरला.

शेपटाकडची बरीच माणसं टाकीपाशी गळाली. दुकानदारीण गेली, कडी घालणारा म्हातारा गेला. न्हावी लंगडत लंगडत आला. जी आली ती खणखणीच्या घरात मावेनात. पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर, अंगणातून गाडीला वळसा घालून पुन्हा आत, असा फेर फिरू लागला. गाडीवर बसलेली सून टाळीने ताल धरत होती. गाडीवान भरलेली घागर घेऊन कडेकडेने पाणी शिंपडत होता. माती आधी फुगून आली, मग हळूहळू बसू लागली. खणखणीने कुणाचे आभार मानले नाहीत. तोंडात हाळी होती, आणि नसती तरी मानले नसते. कुणी पाऊल हलकं टाकलं की ती तिथल्या तिथे सुनावायची.

ऊन कलायला आलं तेव्हा मोटारसायकल पुन्हा दारावरून गेली. दारांच्या कामासाठी गोदामात ठेवलेला सुताराचा रंधा आणि पेटी मुकादमाने रस्त्यावर ठेवली, ठेवली म्हणजे जवळजवळ टाकलीच, आणि न थांबता पुढे गेला. फेरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

सुतारणीची पावलं चुकली. "आमचं काम गेलं गं," ती म्हणाली.

"हो," खणखणी म्हणाली. "गेलं."

दुसरं काय सांगणार? देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, आणि खोटा धीर देण्याइतका राग अजून निवळला नव्हता. सुतारणीचा हात थंडगार पडला होता, तो तिने अधिकच घट्ट धरला.

"दाब," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात अजून मऊ आहे."